कोड न चालवता सुरक्षेच्या त्रुटी कशा शोधायच्या: स्टॅटिक ॲनालिसिसची पहिली फेरी

टीममध्ये नव्याने आलेल्यांकडे हे काम हमखास येतं: "रिलीजच्या आधी एकदा कोड स्कॅन करून घे." टूल बसवायला थोडा वेळ लागतो, चालवायला त्याहून कमी. मग लांबलचक रिपोर्ट समोर येतो. त्यातलं खरं काय, सोडून काय द्यायचं आणि सुरुवात कुठून करायची, हे मात्र कुणी सांगत नाही. काही जण रिपोर्ट तसाच पुढे पाठवून मोकळे होतात, काही जण लाल ओळी एकेक करून बंद करतात. दोन्हींत कोडमधली त्रुटी जिथल्या तिथे राहते.

माझं आग्रहाचं सांगणं एकच आहे. टूलने दाखवलेली ओळ हा फक्त संशय असतो. बाहेरच्या माणसाने पाठवलेला डेटा त्या ओळीपर्यंत खरोखर पोचतो, हे कोडमध्ये बोट ठेवून दाखवता आलं की मगच तिला त्रुटी म्हणायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या दिशेने नेणाऱ्या आहेत.

उदाहरणं पायथनमधली, फ्लास्कवर बनवलेल्या वेब ॲप्लिकेशनची घेतली आहेत. तुमची भाषा वेगळी असेल तर टूल बदलेल, काम तेच राहील. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

१. आधी या गोष्टी हाताशी घ्या

- रिपॉझिटरीची पूर्ण प्रत, गिटच्या सगळ्या इतिहासासह. झिप फाइल चालणार नाही, कारण इतिहास पुढे लागणार आहे.
- ॲप्लिकेशन ज्या पायथन आवृत्तीवर चालतं तीच आवृत्ती तुमच्या मशीनवर.
- वापरलेल्या लायब्ररींची यादी, म्हणजे रिक्वायरमेंट्स फाइल किंवा लॉक फाइल.
- कोड दुसऱ्याचा किंवा क्लायंटचा असेल तर स्कॅन करण्याची लेखी परवानगी. पुण्या-मुंबईत आपल्यातले कितीतरी जण परदेशी क्लायंटच्या कोडवर काम करतात. तो कोड बाहेरच्या कुठल्याही ऑनलाइन सेवेवर चढवण्याआधी करारात काय लिहिलं आहे ते मॅनेजरकडून लेखी विचारून घ्या.
- एक साधी स्प्रेडशीट. तिचे रकाने सहाव्या पायरीत येतील.

सरावाला स्वतःचा कोड नसेल तर ओवॅस्पने (वेब सुरक्षेवर काम करणारी संस्था) मुद्दाम कच्ची ठेवलेली ॲप्लिकेशन्स आहेत: पायथनसाठी पायगोट, जावासाठी वेबगोट, जावास्क्रिप्टसाठी ज्यूस शॉप. ती तुमच्या मशीनवरच चालवा, उघड्या सर्व्हरवर नकोत.

२. टूल नेमकं काय करतं ते समजून घ्या

ही पायरी वगळायचा मोह होतो. वगळू नका.

स्टॅटिक ॲनालिसिस म्हणजे प्रोग्राम न चालवता त्याचा मजकूर वाचून निष्कर्ष काढणं. या कामाचा पूर्वज लिंट, बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेसाठी लिहिलेला. तो संशयास्पद ओळी दाखवायचा. आजची चांगली टूल्स त्यापुढे जाऊन डेटाचा माग काढतात. त्यासाठी तीन शब्द पक्के लक्षात ठेवा.

सोर्स म्हणजे बाहेरचा डेटा आत शिरतो ती जागा: यूआरएलमधला पॅरामीटर, फॉर्मचं खोकं, अपलोड केलेल्या फाइलचं नाव, हेडर, कुकी. सिंक म्हणजे तो डेटा वापरला तर घात होऊ शकतो ती जागा: एसक्यूएल क्वेरी, शेल कमांड, फाइल उघडणं, एचटीएमएल छापणं. या दोघांच्या मध्ये डेटा निर्धोक करणारी तपासणी असते, ती सॅनिटायझर. सोर्सपासून सिंकपर्यंत वाट आहे आणि त्या वाटेवर सिंकला साजेसा सॅनिटायझर नाही, असं दिसलं की टूल ओरडतं.

प्रत्येक त्रुटीप्रकाराला सीडब्ल्यूई या त्रुटीप्रकारांच्या सामायिक यादीत क्रमांक असतो. एसक्यूएल इंजेक्शन ८९, शेल कमांड इंजेक्शन ७८, क्रॉस साइट स्क्रिप्टिंग (वेब पानात परकी स्क्रिप्ट घुसवणं) ७९, फाइलच्या पत्त्यातून ठरलेल्या फोल्डरबाहेर निसटणं २२, कोडमध्ये लिहून ठेवलेला पासवर्ड ७९८. एवढे पाच ओळखीचे झाले तरी रिपोर्ट वाचताना बिचकायला होत नाही.

आणि एक मर्यादा. प्रोग्रामच्या वागण्याबद्दलच्या कुठल्याही अर्थपूर्ण प्रश्नाचं उत्तर प्रत्येक प्रोग्रामसाठी अचूक देणारी यांत्रिक पद्धत असू शकत नाही, हे हेन्री राइस यांचं प्रमेय १९५३ साली प्रसिद्ध झालं. त्यामुळे कुठलंही टूल काही वेळा विनाकारण ओरडणार आणि काही वेळा खरी त्रुटी समोर असून गप्प बसणार. महागडं टूल घेतलं तरी हे टळत नाही.

३. स्कॅनआधी प्रवेशद्वारं लिहून काढा

फ्लास्कमध्ये रूट डेकोरेटर (कोणत्या यूआरएलला कोणतं फंक्शन ते सांगणारी ओळ) शोधा आणि प्रत्येक रूटसमोर लिहा: कोणता इनपुट येतो, लॉगिन लागतं का, कोण वापरतं. बॅकग्राउंडला चालणारी कामं, ईमेल वाचणारा कोड, दुसऱ्या सेवेकडून आपोआप येणारे संदेश, म्हणजे वेबहुक, हेसुद्धा यादीत घ्या, कारण तेच सहसा विसरले जातात. ही यादी हाताशी असली की रिपोर्टमधली ओळ लॉगिनशिवाय गाठता येते की फक्त ॲडमिनला, हे पटकन कळतं.

४. पहिलं टूल: बँडिट

पायथनसाठी बँडिट सोपा आणि फुकट आहे. ओपनस्टॅकच्या सुरक्षा प्रकल्पात तो तयार झाला. "पिप इन्स्टॉल बँडिट" करा, मग "बँडिट डॅश आर" आणि फोल्डरचं नाव.

तो प्रत्येक निकालाला दोन मोजमापं लावतो. सिव्हिरिटी म्हणजे खरं निघालं तर नुकसान किती, आणि कॉन्फिडन्स म्हणजे खरं असण्याची टूलला खात्री किती. नवखे फक्त पहिलं बघतात. दोन्ही बघा. पहिल्या फेरीत "डॅश एलएल" आणि "डॅश आयआय" जोडलं की दोन्हींत मध्यम आणि त्यावरचंच दिसतं. बाकीचं नंतर.

सापळा: रिपोर्टच्या शेवटी वगळलेल्या फाइल्सची यादी असते. बँडिट ज्या पायथनवर चालतो त्या आवृत्तीला तुमच्या फाइलचं व्याकरण कळलं नाही, तर ती फाइल तो तपासतच नाही. निकाल शून्य आला म्हणून आनंद मानण्याआधी ही यादी बघा.

बँडिट एकेका फाइलचा सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडच्या व्याकरणाची झाडासारखी मांडणी, वाचून धोक्याचे नमुने शोधतो. डेटा कुठून आला याचा माग तो जवळजवळ काढत नाही. म्हणून त्याच्या रिपोर्टमध्ये संशय जास्त आणि पुरावा कमी असतो.

५. दुसरं टूल: सेमग्रेप

सेमग्रेप अनेक भाषांवर चालतो आणि त्याचे नियम तुम्ही स्वतः लिहू शकता, हे त्याचं मोठं बळ. "सेमग्रेप स्कॅन" आणि कॉन्फिगमध्ये "ऑटो" दिलं की तो प्रकल्प पाहून नियम निवडतो. कोड तुमच्याच मशीनवर तपासला जातो, पण ऑटो वापरायचं तर मेट्रिक्स, म्हणजे वापराची माहिती सेमग्रेपकडे पाठवणं, चालू ठेवावी लागतात. क्लायंटचा प्रकल्प असेल तर ऑटोऐवजी पायथन किंवा फ्लास्कचा नियमसंच नाव घेऊन द्या आणि मेट्रिक्स बंद करा.

सापळे इथे तीन आहेत. मूळ सेटिंगमध्ये तो टेस्ट, व्हेंडर, नोड मॉड्यूल्ससारखी फोल्डर वगळतो. तुमच्या टीमने खरा कोड "व्हेंडर" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला असेल तर तो तपासलाच जाणार नाही. दुसरं, साधारण एक एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स तो सोडतो. तिसरा सापळा जास्त महत्त्वाचा: फुकट आवृत्ती डेटाचा माग एकाच फंक्शनच्या आत काढते. रूटच्या फंक्शनमध्ये इनपुट घेतला, दुसऱ्या फाइलमधल्या हेल्परकडे दिला आणि क्वेरी तिथे बनली, तर ती वाट तिला दिसत नाही. नीट मांडलेल्या कोडमध्ये असंच असतं.

६. निकाल वाचणं: खरं काम इथे आहे

स्प्रेडशीटचे रकाने असे करा: फाइल आणि ओळ, कमिट, सीडब्ल्यूई क्रमांक, सोर्स कुठे, सिंक कुठे, मध्ये तपासणी काय, निर्णय, निर्णयाचं कारण. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. सहा महिन्यांनी दुसरा कुणीतरी तोच निकाल उघडणार आहे.

वाचायला सिंकपासून सुरुवात करा आणि उलटं चाला. एक उदाहरण घेऊ. बिलांची यादी दाखवणारं पान आहे. हेल्पर फंक्शनमध्ये एफ-स्ट्रिंगने एसक्यूएल जोडलेलं दिसतं, शेवटी "ऑर्डर बाय" आणि पुढे एक व्हेरिएबल. बँडिटने बी६०८ (जोडून बनवलेल्या एसक्यूएलबद्दलचा त्याचा नियम) लावला आहे. आता विचारत जा. हे व्हेरिएबल कुठून आलं? फंक्शनच्या पॅरामीटरमधून. फंक्शनला कोण बोलावतं? एडिटरमध्ये सगळे कॉल शोधा. समजा दोन निघाले. एका ठिकाणी "तारीख" हा शब्द कोडमध्येच लिहिलेला आहे, तिथे धोका नाही. दुसऱ्या ठिकाणी यूआरएलमधला "सॉर्ट" पॅरामीटर जातो. वाट सापडली.

मध्ये तपासणी आहे का? आहे: कुणीतरी अवतरणचिन्हं काढून टाकणारी ओळ लिहिली आहे. इथे घाई करणारा "तपासणी आहे, फॉल्स पॉझिटिव्ह" (म्हणजे खोटा इशारा) असं लिहून पुढे जातो. पण "ऑर्डर बाय"च्या पुढे घुसवायला अवतरणचिन्ह लागतच नाही. म्हणजे तपासणी आहे, पण या सिंकसाठी निरुपयोगी. ही त्रुटी खरी.

हाच प्रश्न प्रत्येक वेळी विचारा: ही तपासणी या सिंकला पुरेशी आहे का? एचटीएमएल एस्केप केलेला मजकूर एसक्यूएलमध्ये सुरक्षित नसतो. उलट, व्हेरिएबल आधी "इंट"मध्ये बदललं असेल तर त्यातून एसक्यूएल घुसवता येत नाही, मग टूल काहीही म्हणो.

काही निकालांत डेटाच्या वाटेपेक्षा संदर्भ निर्णय ठरवतो. रँडम मॉड्यूल वापरल्याबद्दल बँडिट बी३११ दाखवतो. प्रश्नमंजूषेतले प्रश्न उलटसुलट करायला तो वापरला असेल तर काही बिघडत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड बदलण्याचं टोकन त्यातून बनत असेल तर ते आजच बदला, सीक्रेट्स मॉड्यूल वापरा. एमडी५ हे जुनं, कमकुवत हॅश फंक्शन कॅशच्या किल्लीसाठी असेल तर चालेल. पायथन ३.९पासून "सुरक्षेसाठी वापर नाही" असं सांगणारा पॅरामीटर हॅश फंक्शनला देता येतो, तो द्या म्हणजे पुढच्या वाचणाऱ्यालाही हेतू कळेल. पासवर्ड साठवायला एमडी५ असेल तर ती खरी त्रुटी.

असर्टबद्दलचा (अट खोटी निघाली तर प्रोग्राम थांबवणारी ओळ) बी१०१ तर सगळेच झटकून टाकतात, कारण टेस्टमध्ये तो ढिगाने येतो. टेस्ट फोल्डर जरूर वगळा. पण मुख्य कोडमध्ये "हा वापरकर्ता ॲडमिन आहे" हे असर्टने तपासलेलं दिसलं तर थांबा. पायथन "डॅश कॅपिटल ओ" देऊन चालवला की सगळे असर्ट निघून जातात आणि त्यांच्याबरोबर ती परवानगीची तपासणीही.

आणखी एक वाट टूल सहसा सोडून देतं. डेटा आधी डेटाबेसमध्ये साठवला जातो आणि नंतर दुसऱ्याच पानावर बाहेर काढून वापरला जातो. डेटाबेसमधून आलं म्हणजे विश्वासाचं, असं बरेच नियम धरून चालतात. ग्राहकाने आपल्या नावाच्या खोक्यात काय भरलं होतं, हे त्या नियमांना माहीत नसतं. तिसऱ्या पायरीतल्या यादीवरून अशा जागा हाताने तपासा.

निकाल बंद करायचा तर त्या ओळीवर नुसती "नोसेक" ही बँडिटला गप्प करणारी टिप्पणी लिहू नका, त्याने त्या ओळीवरचे सगळे इशारे बंद होतात. "नोसेक बी६०८" असा क्रमांक द्या आणि वरच्या ओळीत कारण लिहा.

७. वाट अनेक फाइल्समधून जात असेल तर: कोडक्यूएल

कोडक्यूएल आधी तुमच्या कोडचा एक डेटाबेस बनवतो आणि मग त्यावर प्रश्न चालवतो. तो सेमल या कंपनीचा होता. गिटहबने ती कंपनी २०१९ साली घेतली. फंक्शन आणि फाइल ओलांडून जाणारा माग तो काढतो आणि सोर्सपासून सिंकपर्यंतचा प्रत्येक टप्पा दाखवतो. सहाव्या पायरीतलं "सॉर्ट"चं उदाहरण तो पूर्ण वाटेसह दाखवू शकतो.

कमांड दोन: "कोडक्यूएल डेटाबेस क्रिएट", भाषेचं नाव देऊन, आणि नंतर "कोडक्यूएल डेटाबेस ॲनालाइझ". निकाल सारिफ या ॲनालिसिस टूल्सच्या सामायिक स्वरूपात घ्या, म्हणजे व्हीएस कोडमध्ये एक्स्टेंशन टाकून ते कोडशेजारीच वाचता येतात. ओपन सोर्स कोडसाठी तो फुकट आहे, कंपनीच्या खासगी कोडसाठी परवाना विकत घ्यावा लागतो. हे न बघता ऑफिसच्या प्रकल्पावर चालवू नका.

८. दुरुस्ती करताना

एसक्यूएलमध्ये व्हॅल्यू प्लेसहोल्डरमधून द्या, म्हणजे क्वेरीत नुसती जागा ठेवून व्हॅल्यू वेगळी पाठवा. पण टेबलाचं किंवा कॉलमचं नाव प्लेसहोल्डरमधून देता येत नाही. त्यासाठी चालणाऱ्या नावांची यादी ठेवा आणि यादीबाहेरचं काहीही नाकारा.

सबप्रोसेसला "शेल बरोबर ट्रू" देऊन एक लांब स्ट्रिंग देण्याऐवजी शब्दांची लिस्ट द्या. तरी एक फट उरते: फाइलचं नाव डॅशने सुरू झालं तर समोरचा प्रोग्राम त्याला पर्याय समजू शकतो.

फाइलच्या बाबतीत "ओएस पाथ जॉइन"वर विसंबू नका. त्याचा दुसरा भाग तिरक्या रेषेने सुरू झाला तर तो पहिला भाग टाकूनच देतो. अपलोडच्या फोल्डरला "/" पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता जोडला तर हाती फक्त तो पत्ता उरतो. फ्लास्कमध्ये फाइल द्यायला सेंड फ्रॉम डिरेक्टरी वापरा.

दुरुस्तीनंतर स्कॅन पुन्हा चालवा, आणि घातक इनपुट देणारी एक टेस्ट लिहून ठेवा. टूल गप्प झालं म्हणजे त्रुटी गेलीच असं नाही. कोडची रचना बदलल्यामुळेही त्याला वाट दिसेनाशी होते.

९. टूलला न दिसणाऱ्या जागा

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीमधली हार्टब्लीड त्रुटी जाहीर झाली. समोरच्याने सांगितलेली लांबी तशीच मेमरी कॉपी करायला वापरली जात होती आणि सर्व्हरच्या मेमरीतले ६४ केबीपर्यंतचे तुकडे बाहेर जाऊ शकत होते. ती त्रुटी असलेली आवृत्ती २०१२ पासून वापरात होती. कोव्हेरिटीसारख्या नावाजलेल्या ॲनालायझरलाही ती दिसली नव्हती. नंतर त्यांनी नवी युक्ती घातली: नेटवर्कवरून आलेल्या बाइट्सचा क्रम जिथे उलटवला जातो, तिथला आकडा बाहेरचा समजायचा. सोर्स कुठे आहे हे टूलला सांगितल्याशिवाय पुढचा माग निघत नाही, हे त्यातून शिकायचं. तुमच्या कंपनीने इनपुट घेण्यासाठी स्वतःचं वेष्टन लिहिलं असेल तर सेमग्रेपमध्ये टेंट प्रकारचा (सोर्सपासून सिंकपर्यंत माग काढणारा) नियम लिहून ते सोर्स म्हणून नोंदवा. असा एक नियम मला तयार नियमसंचांच्या ढिगापेक्षा मोलाचा वाटतो.

परवानगीच्या चुका टूलला कळत नाहीत. यूआरएलमधला बिल क्रमांक बदलला आणि दुसऱ्या ग्राहकाचं बिल उघडलं, तर कोड व्याकरणाने निर्दोषच असतो. बिल कुणाचं हे टूलला माहीत नाही, तुम्हाला आहे. प्रत्येक रूटसाठी हे हातानेच बघावं लागतं.

लायब्ररींचं काम वेगळं. डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरशेल त्रुटी लोकांच्या स्वतःच्या कोडमध्ये नव्हती, लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीत होती. लायब्ररींमधल्या माहीत असलेल्या त्रुटी शोधायला पायथनसाठी पिप-ऑडिट, नोडसाठी एनपीएम ऑडिट चालवा.

कोडमध्ये राहून गेलेल्या गुपितांसाठी, म्हणजे पासवर्ड आणि एपीआय किल्ल्यांसाठी, गिटलीक्स वापरा, आणि तो गिटच्या पूर्ण इतिहासावर चालवा. किल्ली ताज्या कमिटमधून पुसली तरी जुन्या कमिटमध्ये असतेच. सापडलेली किल्ली आधी रद्द करून नवी घ्या, इतिहासाची साफसफाई नंतर.

१०. रोजच्या कामात बसवा

जुन्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी प्रत्येक निकालावर बिल्ड अडवलं तर टीम आठवड्याभरात टूल काढून टाकेल. आजची स्थिती बेसलाइन, म्हणजे तुलनेचा आधार, म्हणून धरा आणि फक्त नव्या निकालांवर बिल्ड थांबवा. बँडिट आणि सेमग्रेप दोन्हींत ही सोय आहे. थांबवणारे नियमही सुरुवातीला मोजकेच ठेवा: शेल कमांड, एसक्यूएल, फ्लास्कचा डीबग मोड. जुने निकाल दर स्प्रिंटला थोडे थोडे निपटा, लॉगिनशिवाय गाठता येणारे आधी.

११. दुसऱ्याच्या कोडमध्ये त्रुटी सापडली तर

ओपन सोर्स कोड वाचायला आणि तुमच्या मशीनवर स्कॅन करायला हरकत नाही. पण सापडलेली त्रुटी कुणाच्या चालू सर्व्हरवर परवानगीशिवाय तपासून बघू नका. हेतू चांगला असला तरी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ तिथे लागू होऊ शकतात.

प्रकल्पात "सिक्युरिटी" नावाची फाइल असेल तर तिच्यातल्या पत्त्यावर कळवा. गिटहबवर खासगीत कळवण्याची सोय चालू असेल तर ती वापरा. सार्वजनिक इश्यू उघडू नका. भारतातल्या सेवेबद्दल असेल आणि कुणी दाद देत नसेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडे कळवता येतं. कळवताना टूलचा रिपोर्ट चिकटवू नका, सांभाळणाऱ्यांकडे असे ढीग आधीच पडलेले असतात. कमिट, फाइल, सोर्सची ओळ, सिंकची ओळ, मधली तपासणी का पुरत नाही ते दोन वाक्यांत, स्वतःच्या मशीनवर त्रुटी दाखवणारा इनपुट, आणि सुचत असेल तर दुरुस्ती, एवढं पाठवा.